वर्षाची भेट मोडते तेव्हा : अमेरिकी कॉलेज-खेळांतील कॉन्फरन्सची फेरमांडणी

अमेरिकेत ‘बिग टेन’ नावाची एक कॉन्फरन्स आहे. नावात दहा, सभासद अठरा. ‘बिग ट्वेल्व्ह’ नावाची दुसरी आहे, तिच्यात सोळा. तिसरीचे नाव ‘अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स’. पण २०२४पासून तिच्यात पार पलीकडच्या, पॅसिफिक किनाऱ्याकडच्या स्टॅनफर्ड आणि बर्कली या दोन विद्यापीठांचा समावेश आहे. आणि ‘पॅक-ट्वेल्व्ह’ नावाच्या चौथ्या कॉन्फरन्समध्ये २०२४ आणि २०२५ या दोन हंगामांत फक्त दोन संघ उरले.

आकड्यांचा आणि भूगोलाचा हा घोळ पहिल्यांदा वाचला तेव्हा मला त्याची गंमत वाटली. माझी भाची शिकायला वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमन या लहानशा गावी होती, तिच्याकडून या दोन उरलेल्या संघांबद्दल ऐकले. तिचे विद्यापीठ त्यांपैकी एक. मी क्रीडापत्रकार नाही आणि अमेरिकेत कधी गेलेली नाही. नोकरी सांभाळून, संध्याकाळच्या वेळात न्यायालयांचे निकाल, विद्यापीठांची पत्रके आणि जुन्या सामन्यांचे इतिहास वाचत गेले, आणि लक्षात आले की हा प्रश्न केवळ खेळाचा नाही. शेजार कशाने टिकतो आणि कशाने मोडतो, याचे हे एक चांगले दस्तऐवजीकरण झालेले उदाहरण आहे.

कॉन्फरन्स म्हणजे काय?

आधी थोडी ओळख. इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकी फुटबॉल : लंबगोल चेंडू, हातात घेऊन धावणे, शिरस्त्राण घातलेले खेळाडू. या खेळाचे व्यावसायिक संघ तिथे आहेतच, पण कॉलेजांच्या संघांचे वेड त्याहून जुने आहे. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये १ लाख ७ हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात. ते ज्या ॲन आर्बर गावात आहे त्याची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास. हे प्रेक्षक म्हणजे केवळ विद्यार्थी नव्हेत. माजी विद्यार्थी, त्यांची मुले-नातवंडे, आणि कॉलेजची पायरीही न चढलेले आसपासचे शेतकरी-दुकानदार असतात. कोल्हापुरात पाटाकडील तालीम आणि दिलबहार यांचा सामना असला की त्या त्या पेठेतला माणूस जसा आपोआप एका बाजूचा असतो, तसेच हे. फरक एवढाच की इथे पेठेच्या जागी अख्खे राज्य असते.

या संघांना सामने खेळायला प्रतिस्पर्धी हवेत, आणि ते दरवर्षी हवेत. त्यासाठी आसपासच्या विद्यापीठांनी आपापसांत केलेला करार म्हणजे कॉन्फरन्स. १८९५ साली पर्ड्यू विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांनी शिकागोत मध्य-पश्चिमेतल्या काही विद्यापीठाध्यक्षांची बैठक बोलावली. भाडोत्री खेळाडू घुसू नयेत, खेळणारा खरोखरच विद्यार्थी असावा, असे नियम ठरवणे हा हेतू होता. पुढच्या वर्षी त्यातून आकाराला आलेली संघटना म्हणजे आजची बिग टेन. नियम एकत्र ठरवायचे आणि एकमेकांशी खेळायचे, हे दोन तिचे पाये. रेल्वेने जाऊन सोमवारच्या तासाला परत येता येईल, एवढ्याच अंतरातले संघ सोबत असणे स्वाभाविक होते.

दरवर्षी भेटण्याने काय घडते, याचे एक छोटे उदाहरण सांगते. १९०३मध्ये मिशिगनचा संघ मिनेसोटाला गेला. यजमानांच्या पाण्यावर विश्वास नको म्हणून मिशिगनच्या प्रशिक्षकाने स्थानिक दुकानातून पाण्यासाठी एक बरणी मागवली. सामना ६-६ असा बरोबरीत सुटला, गडबडीत बरणी मैदानावर राहिली आणि मिनेसोटावाल्यांनी ती ठेवून घेतली. हवी असेल तर जिंकून न्या, असा मामला झाला. १९०९पासून दोन्ही संघ त्या बरणीसाठी खेळू लागले. काही सेंटची ती बरणी आज ‘लिटल ब्राउन जग’ म्हणून साऱ्या अमेरिकेला माहीत आहे. तिला मोल आले ते धातूमुळे किंवा बक्षिसाच्या रकमेमुळे नव्हे. तोच सामना पुन्हा पुन्हा झाला, म्हणून आले.

१९८४चा निकाल

ही व्यवस्था ढवळून निघण्याचे मूळ एका न्यायालयीन निकालात आहे. कॉलेज-खेळांची देशव्यापी नियामक संस्था ‘एनसीएए’. फुटबॉलचे दूरचित्रवाणीवरचे प्रक्षेपण हक्क पूर्वी तिच्याच हातात होते. कुठला संघ किती वेळा पडद्यावर दिसेल, हे ती ठरवत असे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीच्या योजनेनुसार दोन वर्षांत कोणत्याही संघाला सहापेक्षा जास्त वेळा दिसता येत नसे. घरबसल्या सामना दिसू लागला तर लोक मैदानावर येणार नाहीत, ही भीती त्यामागे होती. शिवाय लहान-मोठ्यांना थोडाफार समान वाटा मिळत होता.

ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या बड्या संघांच्या विद्यापीठांनी याला आव्हान दिले. १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की ही बंधने मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करतात. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः एके काळचे कोलोरॅडो विद्यापीठाचे गाजलेले फुटबॉलपटू होते. हा खेळ शिक्षणसंस्थेच्या कक्षेत ठेवायचा तर त्यावर काही बंधने लागणारच, असा त्यांच्या मताचा रोख होता.

निकालाचा परिणाम असा झाला की हक्क विद्यापीठांकडे आले. पण एकेकट्या विद्यापीठाला वाहिन्यांशी घासाघीस करणे जड जाई, म्हणून ते काम हळूहळू कॉन्फरन्सकडे गेले. एकमेकांशी खेळण्यासाठी जन्मलेली संघटना अशा रीतीने एकत्र माल विकणारी संघटना झाली. यानंतरची चाळीस वर्षे ही या एका बदलाची फळे आहेत.

गठ्ठ्याचे गणित

माल विकायचा म्हटल्यावर गठ्ठा मोठा हवा. १९९२मध्ये दक्षिणेतल्या ‘साउथईस्टर्न कॉन्फरन्स’ने, म्हणजे ‘एसईसी’ने, दोन नवे संघ घेऊन बारांची संख्या गाठली, त्यांचे दोन गट पाडले आणि गटविजेत्यांचा अंतिम सामना भरवला. या एका सामन्याच्या हक्कांचे वेगळे पैसे मिळू लागले. मग प्रत्येकाला बारा हवे झाले. टेक्सासमधली, १९१४ पासूनची ‘साउथवेस्ट कॉन्फरन्स’ १९९६मध्ये बंद पडली. तिच्यातल्या चौघांना घेऊन बिग ट्वेल्व्ह उभी राहिली आणि उरलेले विखुरले.

पुढचा टप्पा केबलचा. २००७मध्ये बिग टेनने स्वतःची वाहिनी सुरू केली. केबलचा हिशेब आपल्यालाही ठाऊक आहे : घरात कोणी पाहो न पाहो, पॅकेजमध्ये वाहिनी असली की तिचे पैसे बिलात लागतात. तेव्हा महत्त्व आले ते संघाच्या खेळापेक्षा त्याच्या भोवतीच्या घरांच्या संख्येला. बिग टेनने २०१४मध्ये रटगर्स आणि मेरीलँड यांना आत घेतले. फुटबॉलमध्ये दोघांचाही फार दरारा नव्हता, पण एक न्यूयॉर्कच्या आणि दुसरे वॉशिंग्टन शहराच्या उशाशी होते.

त्यानंतर लोक केबल तोडू लागले आणि गणित पुन्हा पालटले. आता घरांच्या मोजदादीपेक्षा देशभर पाहिला जाईल असा सामना मोलाचा झाला, म्हणजे दोन मोठी नावे समोरासमोर हवीत. जुलै २०२१मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा यांनी एसईसीत जाण्याचे जाहीर केले. ३० जून २०२२ला लॉस एंजेलिसच्या यूसीएलए आणि यूएससी यांनी बिग टेनची वाट धरली. त्याच ऑगस्टमध्ये बिग टेनने तीन वाहिन्यांशी सात वर्षांचा करार केला. त्याची किंमत ७०० कोटी डॉलरांहून अधिक असल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले. या नव्या गणितात लहान गावातल्या चांगल्या संघाला जागा नव्हती.

छत्तीस दिवस

याची सर्वांत मोठी झळ पॅक-ट्वेल्व्हला बसली. डिसेंबर १९१५मध्ये पोर्टलंडच्या एका हॉटेलात चार विद्यापीठांनी स्थापलेली ही कॉन्फरन्स. तिच्या सभासदांनी सर्व खेळांत मिळून पाचशेहून अधिक राष्ट्रीय विजेतेपदे मिळवलेली. लॉस एंजेलिसचे दोन संघ जाणार हे कळल्यावर उरलेल्या दहांनी नवा प्रक्षेपण करार शोधायला सुरुवात केली. वर्ष उलटले तरी तो होईना. २७ जुलै २०२३ला कोलोरॅडोने बिग ट्वेल्व्हकडे जाण्याचे ठरवले. शेवटी हाती आला तो ‘ॲपल’चा प्रस्ताव, ज्यातली मिळकत बरीचशी वर्गणीदारांच्या संख्येवर अवलंबून होती. ४ ऑगस्टला ओरेगन आणि वॉशिंग्टन यांनी बिग टेन गाठली, तीही जुन्या सभासदांपेक्षा बराच कमी वाटा मान्य करून. त्याच दिवशी ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा यांनी बिग ट्वेल्व्ह निवडली. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कली अटलांटिकवाल्यांकडे गेली. छत्तीस दिवसांत आठ सभासद गेले. राहिले ओरेगन स्टेट आणि पुलमनचे वॉशिंग्टन स्टेट.

जुन्या नोंदी वाचताना मला इथे एक गोष्ट सापडली, जी आजच्या चर्चेत क्वचितच येते. हीच कॉन्फरन्स १९५९मध्ये एकदा मोडली होती. खेळाडूंना छुपे पैसे दिल्याच्या प्रकरणांवरून भांडणे झाली आणि मोठ्या शहरांच्या पाच विद्यापीठांनी वेगळी चूल मांडली. बाहेर राहिलेल्यांत तेव्हाही वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट होतेच, सोबत ओरेगनही. पण १९६२मध्ये वॉशिंग्टन स्टेटला आणि १९६४मध्ये ओरेगनच्या दोघांना परत घेतले गेले. किनाऱ्यावरच्या संघांना जवळपास दुसरे प्रतिस्पर्धी होते कुठे? त्या काळी भूगोलाची गरज भांडणापेक्षा मोठी ठरली. २०२३मध्ये पैसा दूरवरून येत होता, त्यामुळे शेजाऱ्याची गरज कोणाला भासली नाही.

या वेळी उरलेल्या दोघांनी न्यायालय गाठले. जाणाऱ्या दहांनी कॉन्फरन्सच्या तिजोरीबाबत मतदान करावे की नाही, हा वाद होता. पुलमन ज्या जिल्ह्यात येते त्या व्हिटमन काउंटीच्या न्यायालयाने नोव्हेंबर २०२३मध्ये उरलेल्या दोघांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. पुढे तडजोड झाली. नाव आणि ठेव हाती आली, खेळायला मात्र कोणी नव्हते.

आणखी एक तपशील. बर्कली आणि यूसीएलए ही दोन्ही एकाच राज्य-विद्यापीठाची अंगे, नियामक मंडळ एकच. एका अंगाच्या जाण्याने दुसऱ्याचे नुकसान झाले म्हणून २०२४मध्ये मंडळाने ठरवले की यूसीएलएने बर्कलीला दरसाल १ कोटी डॉलर द्यावेत. इंग्रजीत पोटगीला ‘ॲलिमनी’ म्हणतात. बर्कलीचे लाडके नाव ‘कॅल’, म्हणून लोकांनी या रकमेचे नाव ठेवले ‘कॅलिमनी’.

संघांवर काय परिणाम झाला?

फुटबॉलचा संघ हंगामात बाराच साखळी सामने खेळतो, बहुधा शनिवारी. लांबचा प्रवास त्याला झेपतो. पण कॉन्फरन्स बदलली की व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, सॉकर अशा खेळांतली मुलेमुलीही तिच्यामागे जातात. यूसीएलएपासून रटगर्सचे अंतर सुमारे चार हजार किलोमीटर, म्हणजे जवळपास मुंबई ते सिंगापूर. घड्याळ तीन तास पुढे. या खेळांना प्रेक्षक थोडे, दूरचित्रवाणीचे उत्पन्न नगण्य, आणि सामने आठवड्याच्या मधल्या वारीही असतात. जो करार फुटबॉलसाठी झाला त्याची किंमत त्यांच्या तासांतून आणि झोपेतून जाते. अमेरिकेच्या ऑलिंपिक पथकातले निम्म्याहून अधिक खेळाडू याच कॉलेज-व्यवस्थेतून येतात, हे लक्षात घेतले म्हणजे ही बाब किरकोळ राहत नाही.

मागे राहिलेल्यांचे हाल वेगळे. वॉशिंग्टन स्टेटच्या हेन्री रोनो या केनियन विद्यार्थ्याने १९७८मध्ये ८१ दिवसांत चार जागतिक विक्रम केले होते. त्याच विद्यापीठाने जून २०२५मध्ये जाहीर केले की यापुढे त्यांचा ॲथलेटिक्सचा भर लांब पल्ल्याच्या धावण्यावर राहील. उड्या आणि फेकीचे प्रकार बंद झाले. गोळाफेक करणाऱ्या मुलीचा प्रक्षेपण हक्कांच्या वाटाघाटींशी काय संबंध? तिच्या लेखी काहीच नाही, आणि तरी तिची जागा त्यातच गेली.

आणि प्रेक्षकांवर?

ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट यांचा पहिला सामना १९०४मध्ये झाला. सोसाट्याच्या वाऱ्याने चेंडू जवळच्या थंडगार ओढ्यात गेला आणि खेळाडूंनी त्यात उड्या मारून तो मिळवला, अशी त्याची कथा आहे. १९१०पासून एकही वर्ष खंड नाही. दोन महायुद्धांतही नाही. ४ नोव्हेंबर २०२३ला ओक्लाहोमा स्टेटने तो २७-२४ असा जिंकला आणि ही मालिका थांबली, कारण ओक्लाहोमा एसईसीत निघाले होते. वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेट यांचा ‘ॲपल कप’ टिकला, पण नोव्हेंबरच्या अखेरीस, सारे घरी येतात त्या थँक्सगिव्हिंगच्या सुमारास होणारा हा सामना २०२४मध्ये सप्टेंबरात ढकलला गेला. हंगामाचा कळस होता, तो सुरुवातीची एक तारीख झाला. पुलमनच्या पोरांनी तो २४-१९ असा जिंकला, ही त्यातली समाधानाची बाब.

कॉन्फरन्सच्या आतही भेटी विरळ झाल्या. अठरा संघ आणि प्रत्येकाचे आपापसातले सामने नऊ. म्हणजे सतरा सोबत्यांपैकी आठांशी त्या वर्षी गाठच नाही. बिग टेनने काही जोड्यांचे सामने दरवर्षी होतील असे राखून ठेवले. मिशिगन आणि मिनेसोटा ही जोडी त्या यादीत नाही. ती १९०३ची बरणी आता एखाद्या वर्षी कपाटातच राहील, आणि यात कोणीही कोणाला सोडून गेलेले नाही. गठ्ठा फुगला, एवढेच.

दुसरी बाजू

फेरमांडणीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे सोडून देण्याजोगे नाही. जुने शेजार पवित्र नव्हते. एसईसीच्या फुटबॉल सामन्यात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरला तो १९६७मध्ये. तोवर तिथली आपुलकी फक्त गोऱ्यांपुरती होती. शिवाय ज्यांच्या अंगमेहनतीवर हा पैसा उभा राहिला त्या खेळाडूंना अनेक दशके शिष्यवृत्तीखेरीज काही मिळत नव्हते. न्यायालयीन लढायांनंतर जून २०२५मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार आता विद्यापीठ खेळाडूंना वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट देऊ शकते. तो पैसा कुठून तरी यायला हवा. आणि कधीकधी फेरमांडणी तुटलेले जोडतेही. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांचा १८९४पासूनचा सामना २०११नंतर बंद पडला होता, कारण ए अँड एम एसईसीत गेले. टेक्सासही तिथेच आल्यावर ३० नोव्हेंबर २०२४ला तो पुन्हा झाला. पण मधल्या तेरा वर्षांत विद्यार्थ्यांच्या तीन पिढ्या तो सामना न पाहता पदवी घेऊन गेल्या.

आपल्याकडे रणजी करंडकात अशीच एक फेरमांडणी झाली. २००१-०२पर्यंत साखळी सामने विभागवार होत. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात आणि सौराष्ट्र दरवर्षी एकमेकांशी खेळत. एकतर्फी सामने कमी व्हावेत म्हणून विभाग मोडून गट पाडले गेले. खेळाचा दर्जा वाढावा हा हेतू रास्त होता, आणि निर्णय सर्व संघांसाठी मिळून एका मंडळाने घेतला. तरीही मुंबई विरुद्ध महाराष्ट्र हा सामना पंचांगातल्या सणासारखा ठरलेला राहिला नाही. अमेरिकेत तर असे एक मंडळही नाही. प्रत्येक विद्यापीठ आपापल्या हिशेबाने निघते, आणि त्या हिशेबात शेजाऱ्याचे नुकसान धरण्याची कोणावर जबाबदारी नाही.

माझ्या मते प्रश्नाचे मर्म इथे आहे. सामन्याचे प्रक्षेपण विकता येते, कारण ते कोणाच्या तरी मालकीचे असते. शंभर वर्षांचे हाडवैर मात्र दोघांच्या सामाईक मालकीचे. बांधावरच्या आंब्यासारखे ते दोन्ही शेतांत सावली देते आणि कोणाच्याही एकट्याच्या सातबाऱ्यावर नसते. एकाने जायचे ठरवले की दुसऱ्याची परवानगी लागत नाही, आणि ज्या प्रेक्षकांनी ते पिढ्यान्पिढ्या वाढवले त्यांना तर कोणी विचारतही नाही. विकत घेणाऱ्या वाहिन्यांना हवी असते ती त्या वैरातूनच आलेली गर्दी आणि त्वेष, पण तो त्वेष तयार व्हायला तोच प्रतिस्पर्धी पुन्हा पुन्हा समोर यावा लागतो. लॉस एंजेलिस आणि न्यू जर्सी यांच्यात असा त्वेष कधीच जन्मणार नाही असे नाही. त्यासाठी त्यांना दरवर्षी भेटावे लागेल, आणि अठरांच्या गठ्ठ्यात तेच होत नाही.

पॅक-ट्वेल्व्हची गोष्ट संपलेली नाही. उरलेल्या दोघांनी नाव सोडले नाही. बॉइझी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, युटा स्टेट, टेक्सास स्टेट हे फुटबॉलसाठी आणि गोन्झागा हे इतर खेळांसाठी १ जुलै २०२६पासून त्यांच्यासोबत येत आहेत. यांतली बहुतेक पश्चिमेचीच आहेत, मात्र टेक्सास स्टेट दूरचे. गोन्झागा आणि पुलमन यांच्यात मात्र मोटारीने दीड तासाचेही अंतर नाही. बास्केटबॉलच्या मैदानावर ते दोन संघ आता दरवर्षी भेटतील. पुढच्या वीसेक वर्षांत तिथे एखादी बरणी कोणी विसरून जाते का, हे पाहायला मला आवडेल.